परीक्षा प्रथम कोणाची?

प्रस्तुत विषय कुटुंबांत मोठ्यानें वाचावयाचा नाहीं असें कित्येक वाचकांस वाटेल, आणि तसें वाटण्यांत त्यांचा कांहीं दोष आहे असें मी म्हणणार नाहीं. मासिकाचा अंक आधीं ओसरीवर आजोबांच्या हातीं पडतो, दुपारीं माजघरांत जातो आणि रात्रीं माडीवरच्या खोलींत पोंचतो. तेव्हां तिन्ही ठिकाणीं वाचतां येईल असा मजकूर लिहिणें ही लेखकाची जबाबदारी आहे. ही अडचण आजची नव्हे. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी लेवेनहुक यानें १६७७ सालीं स्वतः घडविलेल्या सूक्ष्मदर्शक कांचेखालीं पुरुषाचें वीर्य पाहिलें व त्यांत वळवळणारे असंख्य सपुच्छ जीव त्यास दिसले. हाम नांवाच्या एका विद्यार्थ्यानें त्याचें लक्ष प्रथम तिकडे वेधलें होतें. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस हें कळवितांना, आपण पाहिलेला नमुना पापाचरणानें मिळविलेला नसून दांपत्यधर्मांतूनच आलेला आहे अशी त्यानें ग्वाही दिली, आणि विद्वानांस मजकूर किळसवाणा वाटल्यास तो छापूं नये असेंही सुचविलें. त्यांनीं तो छापला, हें पुढच्या पिढ्यांचें भाग्य. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून असल्या विषयांवर लिहिलें व त्यापायीं न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. त्या मानानें माझें आजचें धाडस अगदींच किरकोळ आहे.

निमित्त एका वाचकभगिनीच्या पत्राचें. नांवगांव देण्याचें कारण नाहीं. चिरंजीवांच्या विवाहास चार वर्षें झालीं, अपत्य नाहीं. सूनबाईंच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, गर्भाशयांत औषध सोडून नलिकांचें क्ष-किरण छायाचित्र झालें. आतां गुंगी देऊन पोटांत दुर्बीण घालावी असें ठरत आहे. मध्यंतरीं चिरंजीवांनीं इंटरनेटवरून एक लहानशी पेटी मागविली, स्नानगृहांत स्वतःची परीक्षा केली, पट्टीवर दोन रेघा उमटल्या, आणि ‘माझें सर्व ठीक आहे’ असें त्यांनीं आईस सांगितलें. शेवटीं भगिनी विचारतात कीं, मुलाकडून आतां अडचण उरली नाहीं, तेव्हां सूनबाईंचेंच पुढें चालवावें ना? सबंध पत्रांत सुनेविषयीं एकही वांकडा शब्द नाहीं. उलट तिच्या प्रकृतीची काळजीच ओळीओळींतून दिसते. म्हणूनच या पत्राला जाहीर उत्तर द्यावेंसें वाटलें. ज्या घरांत सासुरवास आहे तेथें हा प्रश्न असा विचारला जाणारच. पण ज्या घरांत माया आहे तेथेंही तो अगदीं असाच विचारला जातो.

उत्तर हें कीं, त्या दोन रेघांनीं चिरंजीव सुटले नाहींत. त्यांची परीक्षा अद्याप व्हावयाचीच आहे. ती आतां विनाविलंब करवून घ्यावी, आणि सूनबाईंच्या पोटांत दुर्बीण जाण्यापूर्वीं तिचा निकाल डॉक्टरांच्या मेजावर असावा.

पुरुषाची परीक्षा ही पाश्चात्यांची टूम आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं याज्ञवल्क्यस्मृतीचा आचाराध्याय उघडून पाहावा. वराचीं लक्षणें सांगतांना त्याचें पुंस्त्व यत्नपूर्वक पारखून घ्यावें असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. आणि मिताक्षराकार विज्ञानेश्वर त्या ठिकाणीं नारदाचा आधार देऊन परीक्षेची रीतिही सांगतात. पाण्यांत टाकलेलें बीज कसें राहतें, मूत्रास आवाज व फेस कसा येतो, यांवरून निर्णय करावा असा तिचा आशय आहे. म्हणजे घरच्या घरीं करावयाची पुरुषपरीक्षा आपल्या धर्मग्रंथांतच आहे, आणि तीही विवाहापूर्वीं करावयाची! सुश्रुतानें शारीरस्थानाचा दुसरा अध्याय याच विषयास दिला असून दूषित शुक्राचे आठ प्रकार त्यांत सांगितले आहेत. त्या अध्यायाच्या नांवांत शुक्र आधीं येतें व शोणित मागून. ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चोहोंच्या मेळानें अंकुर धरतो त्याप्रमाणें गर्भ धरतो, हा त्याचा दृष्टांत पुष्कळांस पाठ असतो. चोहोंपैकीं क्षेत्राचीच नांगरणी आपण वर्षानुवर्षें करीत बसलों, आणि बीजाची मूठ कोणी उघडून पाहिली नाहीं.

रघुवंशाचे पहिले दोन सर्ग मीं शाळेंत किती वेळां शिकविले असतील याची गणती नाहीं. दिलीप राजास संतान नाहीं म्हणून तो सुदक्षिणेसह वसिष्ठांच्या आश्रमीं जातो. वसिष्ठ ध्यान लावतात व कारण शोधून काढतात. तें कारण राणीच्या ठायीं सांपडत नाहीं. स्वर्गांतून परततांना वाटेंत सुरभीचा मान राखावयास चुकला तो राजा. आणि म्हणून नंदिनीच्या मागें एकवीस दिवस रानोमाळ हिंडतो तोही राजाच. सुदक्षिणा व्रतांत सहभागी आहे, पण दोषाची धनी नाहीं. वर्गांत समास सोडवितांना ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नसे.

आपल्या भाषेनेंही या कामीं थोडा घात केला आहे. स्त्रीसाठीं वांझ, वांझोटी, वंध्या असे तीन-तीन शब्द सिद्ध आहेत. त्याच अर्थाचा पुरुषास लावावयाचा शब्द घरांत बोलला जात नाहीं. जो बोलला जातो तो ‘नपुंसक’, आणि तो साफ चुकीचा आहे. संसुख देण्या-घेण्याची शक्ति आणि बीजाची फलनशक्ति या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली उत्तम असून दुसरी शून्य असणारे धडधाकट पुरुष पुष्कळ असतात, आणि याच्या उलटही आढळतें. हे दोन अर्थ एका शब्दांत कोंबले गेल्यामुळें वीर्यतपासणीचें नांव काढतांच पुरुषास आपल्या पौरुषावरच कोणी बोट ठेविलें असें वाटतें, व तो पेपर घेऊन बाहेर जाऊन बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रौढ वयाच्या दर सहा व्यक्तींपैकीं सुमारें एकीस आयुष्यांत केव्हां तरी ही अडचण येते. अशा जोडप्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटें किंवा स्त्रीकडील कारणाबरोबर आढळतें, असें या विषयांतील वैद्य सांगतात. निम्म्यांत! नाणें उडवून ठरवावें इतकी ही गोष्ट समसमान आहे. त्यांत पुरुषाची परीक्षा स्वस्त, वेदनारहित आणि अर्ध्या तासाच्या कामाची. स्त्रीच्या परीक्षा खर्चाच्या, त्रासाच्या, आणि शेवटच्या कांहीं तर शस्त्रक्रियेच्याच. अशा वेळीं आरंभ कोठून करावा हें सांगावयास वैद्यकाचें ज्ञान लागत नाहीं. किराणा दुकानांतला हिशेब पुरे.

आतां परीक्षेकडे वळूं. नारदाची पाण्याची परीक्षा टिकत नाहीं, आणि वीर्य दाट आहे कीं पातळ, पांढरें आहे कीं पिंवळसर, यांवरून घरोघर जी अटकळ बांधतात तीही टिकत नाहीं. कारण वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय व पुरस्थ या ग्रंथींच्या स्रावांचा असतो. शुक्राणूंचा वांटा शेंकडा पांचाहूनही कमी. ज्या पुरुषानें नसबंदी करून घेतली त्याच्या वीर्यांत कांहीं काळानें एकही शुक्राणु उरत नाहीं, तरी डोळ्यांस तें पूर्वीसारखेंच दिसतें. यावरून काय तें समजावें. जें मोजावयाचें तें सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीं.

बाजारांत आज जीं घरगुती साधनें मिळतात त्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग होतात. पहिला पट्टीचा, गर्भधारणेची जी पट्टी आतां सर्वांच्या परिचयाची आहे तिचाच हा भाऊ. शुक्राणूच्या डोक्यावर एक टोपी असते व तींत एक विशिष्ट प्रथिन असतें. वीर्य द्रावणांत मिसळून पट्टीवर टाकलें म्हणजे हें प्रथिन ठराविक मर्यादेपेक्षां अधिक असल्यास रेघ उमटते. दुसऱ्या वर्गांतील यंत्र नमुना गरगर फिरवितें. शुक्राणु तळाशीं बसतात व त्या थराच्या उंचीवरून संख्या वाचतात. तिसरा वर्ग मोबाइलचा. दूरध्वनीच्या भिंगास एक लहानसें जोडकाम लावून थेंबाचें चलच्चित्र घ्यावयाचें आणि हलणारे शुक्राणु गणकयंत्रानें मोजावयाचे. हार्वर्ड येथील संशोधकांनीं २०१७ सालीं अशा एका साधनाची साडेतीनशेंच्या आसपास नमुन्यांवर चांचणी करून तें बरेंच अचूक असल्याचें दाखविलें होतें. तेव्हां हीं साधनें म्हणजे फसवणूक आहे असें मी म्हणत नाहीं. ज्या एका गोष्टीसाठीं तीं केलेलीं आहेत ती एक गोष्ट तीं बहुधा ठीक सांगतात. अडचण ही कीं, आपणांस जाणावयाच्या गोष्टी एकाहून अधिक आहेत.

जागतिक आरोग्य संघटना वीर्यतपासणीच्या रीतीची एक पुस्तिका काढते. तिची पहिली आवृत्ति १९८० ची, सहावी २०२१ ची. तिच्यांत ज्या किमान मर्यादा दिल्या आहेत त्या अशा : वीर्याचें प्रमाण १.४ मिलीलिटर, दर मिलीलिटरांत शुक्राणु १ कोटी ६० लाख, सबंध नमुन्यांत मिळून ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे शेंकडा ४२, त्यांत नेटानें पुढें जाणारे शेंकडा ३०, आणि निर्दोष घडणीचे शेंकडा ४. शेवटचा आंकडा वाचून पुष्कळ नवऱ्यामुलांचा धीर सुटतो, परंतु तो छापण्याची चूक नव्हे. निसर्ग या कामीं उधळ्या आहे. शंभरांत चार सुबक निघाले तरी त्याचें भागतें.

आतां माझ्या आवडीचें, म्हणजे अंकगणिताचें काम. पट्टीची मर्यादा दर मिलीलिटरास २ कोटींची आहे असें धरा. एका गृहस्थाचा नमुना १ मिलीलिटर, शुक्राणु दर मिलीलिटरास २ कोटी २० लाख. रेघ उमटली, गृहस्थ उत्तीर्ण. परंतु त्याची एकूण संख्या २ कोटी २० लाखच, म्हणजे ३ कोटी ९० लाखांच्या पुष्कळ खालीं. दुसऱ्याचा नमुना ४ मिलीलिटर, शुक्राणु दर मिलीलिटरास १ कोटी २० लाख. रेघ नाहीं, बिचारा अनुत्तीर्ण. एकूण संख्या मात्र ४ कोटी ८० लाख! तिसऱ्याचे दर मिलीलिटरास ६ कोटी आहेत, पण हलतात त्यांतले शंभरास पांच. त्याचीही रेघ ठळक येणार. कारण पट्टी प्रथिन ओळखते, आणि निपचित पडलेल्या शुक्राणूच्या टोपींतही तें असतेंच. शाळेंतील हजेरीपट जिवंत मुलगा आणि भिंतीवरची तसबीर यांत भेद करीत नसता तर जें झालें असतें, तें येथें होतें. मोबाइलचीं साधनें हालचाल पाहतात, तेवढ्यापुरतीं तीं पट्टीहून सरस. तथापि शुक्राणूंची घडण, नमुन्यांतील पूयपेशी आणि इतर लक्षणें यांसाठीं जाणत्या माणसाचा डोळा लागतो.

मर्यादा या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. ज्यांच्या पत्नींस वर्षाच्या आंत दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने जमवून हे आंकडे काढले आहेत, आणि त्या पित्यांपैकींही शंभरास पांच जण प्रत्येक आंकड्याच्या खालींच होते. म्हणजे हे परीक्षेतले पस्तीस गुण नव्हेत कीं चौतीसला नापास. खालीं असणारा बाप होऊं शकतो, वर असणाऱ्यास कधीं होतां येत नाहीं. अंक संभाव्यता दर्शवितो. निकाल वैद्यानें सर्व बाजू पाहून द्यावयाचा असतो.

मग घरगुती साधनाचा उपयोग कांहींच नाहीं काय? आहे, आणि तो मी लहान मानीत नाहीं. जो पुरुष प्रयोगशाळेच्या दारांत पाऊल टाकावयास तयार नसतो, तो दार लावून घेऊन घरीं ही परीक्षा करतो. आपला हिस्सा यांत असूं शकतो ही गोष्ट तो निदान स्वतःशीं कबूल करतो. दहा वर्षें न उघडलेली खिडकी एवढ्यानें किलकिली होते. घरीं करावयाचीच असेल तर नीट मात्र करावी. दोन ते सात दिवस संयम असावा. त्याहून कमी नको, अधिकही नको. रुंद तोंडाची स्वच्छ, कोरडी बाटली घ्यावी. तेल, साबण, थुंकी यांचा स्पर्श होऊं देऊं नये, आणि साधा निरोध वापरूं नये, कारण त्यावरील द्रव्यें शुक्राणूंस अपायकारक असतात. नमुना पुरता जमा व्हावा. पहिल्या थेंबांतच शुक्राणु सर्वांत दाट असतात, ते सांडले तर बाकीच्याची परीक्षा व्यर्थ. नंतर अर्धा तास थांबावें, म्हणजे जें प्रथम गोठल्यासारखें असतें तें पातळ होतें. तें न होतां घाई केल्यास पट्टी खोटें बोलते. घरीं नमुना घेऊन प्रयोगशाळेंत द्यावयाचा झाल्यास, आणि पुष्कळ ठिकाणीं हें चालतें, तो शीतपेटींत ठेवूं नये व उन्हांतून नेऊं नये. सदऱ्याच्या आंत अंगालगत धरून शक्य तों अर्ध्या तासांत, फार तर तासाभरांत पोंचवावा. एकत्र कुटुंबांत एकच स्नानगृह व बाहेर तिघे ताटकळत उभे, हा प्रसंग मीं जाणून आहें. घरांतील वडील मंडळींनीं त्या दिवशीं सकाळीं देवदर्शनास जावें. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.

एका नमुन्यावर कधींच विसंबूं नये. आज एक आंकडा आला तर पंधरवड्यानें दुसरा येतो, आणि दोन्ही खरे असतात. शुक्राणु घडावयास सुमारें ७४ दिवस लागतात व बाहेर पडण्याजोगा व्हावयास आणखी आठ-पंधरा दिवस. तेव्हां आजचा नमुना तीन महिन्यांपूर्वींची हकीकत सांगतो. मध्यंतरीं मोठा ताप येऊन गेला असेल तर संख्या घसरलेली दिसते, व तीन महिन्यांनीं आपोआप सावरते. वृषणें शरीराबाहेर ठेवण्यांत निसर्गाचा हेतु तीं अंगाहून दोन-तीन अंश थंड राहावीं हाच आहे. भट्टीपुढचें काम, कढत पाण्यांत तासन्‌तास बसणें, तंबाखू, अतिरिक्त मद्य, या सर्वांचा परिणाम तिकडे होतो.

येथें तरुणांच्या एका नव्या खुळाबद्दल दोन शब्द. व्यायामशाळांतून दंड फुगविण्यासाठीं जीं इंजेक्शनें गुपचूप टोंचलीं जातात त्यांत पुष्कळदां पुरुषी संप्रेरकच असतें. तें बाहेरून मिळूं लागलें कीं मस्तकांतील पीयूषिका ग्रंथि आपला हुकूम थांबविते, आणि वृषणांतील कारखाना बंद पडतो. देह भीमाचा आणि बीज शून्य, असा हा प्रकार. पुष्कळांचें तें बंद केल्यावर कांहीं महिन्यांनीं पूर्ववत्‌ होतें, परंतु डॉक्टरांपासून ही गोष्ट लपविल्यास निदान भलतीकडेच जातें. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत ‘शुक्रवर्धक’ म्हणून जीं चूर्णें येतात त्यांच्या डब्यांवर नेमकें काय किती घातलें आहे हें बहुधा नसतें. चरकानें वाजीकरणाचा विचार सविस्तर केला आहे, पण तो वैद्याच्या देखरेखीचा विचार आहे, टपालानें मागविण्याचा नव्हे.

रेघ न उमटल्यास काय? प्रथम हें कीं, थोडे शुक्राणु आणि मुळींच नाहींत या दोहोंत पट्टी भेद करीत नाहीं. दर शंभर पुरुषांत सुमारें एकाच्या वीर्यांत शुक्राणु नसतातच. त्यांतही एक वर्ग असा कीं, उत्पत्ति होते पण मार्ग बंद असतो. दुसरा असा कीं, उत्पत्तीच होत नाहीं. दोहोंचे उपाय अगदीं निराळे. वृषणांजवळच्या शिरा फुगल्या असण्याचा विकार तर दर शंभरांत पंधरा पुरुषांस असतो. बहुतेकांस त्यानें बाधा होत नाहीं, परंतु वंध्यत्वासाठीं येणाऱ्या पुरुषांत तो याहून पुष्कळ अधिक आढळतो व शस्त्रक्रियेनें सुधारतां येतो. लहानपणीं वृषण खालीं उतरले होते कीं नाहीं, वयांत आल्यावर गालगुंड होऊन वृषणांस सूज आली होती काय, हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती काय, हे प्रश्न पेटी विचारीत नाहीं. कचित्‌ वीर्यदोषाच्या मागें अधिक गंभीर रोग दडलेला असतो, व अंग तपासतांना तो वेळींच हातीं लागतो. अपत्याची इच्छा सोडून दिली तरी एवढ्यासाठीं तपासणी करावी.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरची हकीकत आहे. सुनेनें नऊ वर्षें सोळा सोमवार, प्रदोष, काय काय केलें. दोनदां शस्त्रक्रियेच्या मेजावर निजली. आळींत कोणाचें डोहाळजेवण असलें म्हणजे तिला बोलावणें येई, पण ओटी भरावयास पुढें कोणी करीत नसे, आणि ती आपण होऊनच पानें वाढण्याचें काम घेई. नवव्या वर्षीं पतिराज एका मूत्ररोगतज्ज्ञांपुढें उभे राहिले. त्यांनीं हातानें चांचपून पांच मिनिटांत सांगितलें कीं, शुक्राणु वाहून आणणाऱ्या दोन्ही नळ्या जन्मतःच नाहींत. उत्पत्ति होती, वाट नव्हती. अशा पुरुषाच्या वृषणांतून शुक्राणु सुईनें काढतां येतात, आणि एकेक शुक्राणु एकेका स्त्रीबीजांत सोडण्याची रीति बेल्जममध्यें निघाली व तिच्या यशाचें वृत्त १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. आतां ती आपल्याकडील मोठ्या शहरांतून होते. मात्र हा दोष एका आनुवंशिक रोगाशीं निगडित असतो, म्हणून आधीं पतिपत्नी दोघांच्याही रक्ताची त्या दृष्टीनें परीक्षा करावी लागते. सहकाऱ्यांनीं मला हें सांगितलें तेव्हां ते नऊ वर्षांच्या आंकड्यापाशींच अडले. पुढें काय झालें तें मीं विचारिलें नाहीं.

वाईट निकालापेक्षां चांगल्या निकालाची मला अधिक भीति वाटते. रेघ न उमटलेला पुरुष दोन दिवस खिन्न होऊन तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे जातो. रेघ उमटलेला घरीं बसतो. आणि ती रेघ मग एखाद्या फारकतीच्या कागदासारखी जपून ठेविली जाते. पुढें प्रत्येक बोलण्यांत ‘माझें तर ठीक आहे’ हें पालुपद येतें, आणि उरलेलें अर्धें वाक्य बायको न बोलतां ऐकते. माझ्या मतें, ज्यानें पट्टीवर उत्तम निकाल मिळविला त्यानें तर अधिकच तत्परतेनें पुरती तपासणी करवावी.

वडील मंडळींकडे माझें एक मागणें आहे. निकाल विचारूं नये. ज्यास सांगावयाचें तो सांगेल. दोष सुनेचा निघाला तर तो आत्याबाईंपर्यंत पोंचतो व मुलाचा निघाला तर आईच्या पदराआडच राहतो, हा पंक्तिप्रपंच सुशिक्षित घरांतही चालतो. दोघांचेंही दोघांपाशीं राहावें हें उत्तम. खर्चाची सोय करून द्यावी, सुटीच्या दिवशीं मुलें सांभाळावीं लागत नाहींत म्हणून दुसरीं कामें सुनेवर लादूं नयेत, आणि कोणी पाहुणी चौकशी करूं लागली तर सासूनेंच विषय बदलावा. हें काम सासूइतकें सफाईनें दुसरें कोणी करूं शकत नाहीं.

पत्रलेखिका भगिनींस आतां नेमकें सांगतों. वर्षभर अपत्य न झाल्यास दोघांनींही डॉक्टरांस भेटावें असा आजचा दंडक आहे. पत्नीचें वय पस्तिशीच्या पुढें असल्यास सहा महिन्यांतच. आपल्या सूनबाईंचें वय पत्रांत एकतीस दिलें आहे, तेव्हां दुर्बिणीची तारीख दोन-तीन आठवड्यांनीं पुढें गेल्यानें कांहीं बिघडत नाहीं. तेवढ्यांत चिरंजीवांनीं जेथें सहाव्या आवृत्तीच्या रीतीनें वीर्यतपासणी होते अशी प्रयोगशाळा विचारून घ्यावी. अहवालांत प्रमाण, दर मिलीलिटर संख्या, एकूण संख्या, पुढें जाणारे, घडण व पूयपेशी हीं सहा कलमें आहेत कीं नाहीं हें पाहावें. केवळ ‘सामान्य’ एवढाच शेरा असल्यास अहवाल परत करावा. कांहीं उणें आढळल्यास कांहीं आठवड्यांच्या अंतरानें पुन्हां नमुना द्यावा व मूत्ररोगतज्ज्ञांकडून अंग तपासवावें. अहवाल आणावयास चिरंजीवांनीं स्वतः जावें, आणि डॉक्टरीणबाईंकडे पुढच्या खेपेस सूनबाईंबरोबर आपण न जातां त्यांस पाठवावें.